वरचा अर्धा ग्लास

"आज साडेनऊची बस," ब्रूनो म्हणाला आणि त्याने दोन तिकिटं ज्यूसच्या गाळ्याच्या कठड्यावर आपटली. "उयुनी. तिथून मिठाचं वाळवंट. जीपवाली टोळी कालच पटवली मी."

आयलेन पपईचा ग्लास तसाच धरून बसली. आज रविवार होता. चार महिन्यांपूर्वी रोसारिओहून पाठीवर पिशव्या टाकून दोघं निघाली, तेव्हा या अख्ख्या प्रवासात तिने एकच गोष्ट मागून ठेवली होती: तराबुको गावचा रविवारचा बाजार. घरी तिचा हातमाग होता. तराबुकोच्या बायका विणतात ते लाल-काळं कापड तिला स्वतःच्या बोटांनी चाचपून बघायचं होतं. त्या एका रविवारसाठी तर तराबुकोजवळच्या या सुक्रे शहरात सहा दिवस काढले होते.

"आज रविवार आहे, ब्रूनो."

"मग? रविवार काय, दर आठवड्याला येतो. आणि चादरीच बघायच्या ना तुला? उयुनीत ढिगाने मिळतील."

चादरी! आयलेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नेहमीसारखा तो राग तिने पपईबरोबर गिळला आणि ग्लास संपवला. सहा दिवस हेच चाललं होतं. कुठल्या गच्चीवरून शहर बघायचं, कुठे जेवायचं, कुणाशी गप्पा मारायच्या, सगळं हा ठरवणार. वर ऐकवणार, "मी आहे म्हणून निभतंय. तुझ्याच्याने तर साधं पाणी मागवत नाही कुणाकडे." खिडकीची खोली मिळाली ती याच्या बोलण्यामुळे. ट्रकवाल्याने पुढे बसवलं तेही याच्याचमुळे. ती ऐकून घ्यायची. हळूहळू तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

आणि रोज सकाळी हा ज्यूस. बाजारात ज्यूसवाल्यांची अख्खी रांग. पांढरे एप्रन घातलेल्या बायका फळांच्या ढिगामागे उंच बसून हाका मारतात. ग्लास संपला की मिक्सरच्या भांड्यात उरलेलं त्या वर ओततात, भाजीवालीने वर चार मिरच्या टाकाव्यात तसं. तो यापा. आपल्या नेहमीच्या बाईला कासेरा म्हणायचं, आणि तीही आपल्याला कासेराच म्हणते. ब्रूनोने हा शब्द पहिल्याच दिवशी उचलला आणि रांगभर उधळला. आज हिच्याकडे पी, उद्या तिच्याकडे, आणि प्रत्येकीला सांग की शेजारीण मोठा ग्लास देते.

आयलेन मात्र सहाही दिवस दोन्या फेलिपाच्याच, म्हणजे फेलिपाबाईंच्याच, बाकावर बसली. पहिल्या दिवशी बसलो तिथून उठून शेजारणीकडे जायची तिला लाज वाटे, एवढंच. ब्रूनो दुसरीकडे पिऊन शेवटी येऊन तिच्या मागे उभा राहायचा आणि लाडाने कासेराचं कासेरिता करत ओरडायचा, "कासेरिता, यापा!" फेलिपा भांडं तिरकं करायची. त्याच्या हातात इथला ग्लास नसायचा, म्हणून ती आयलेनच्या ग्लासात ओतते, असं आयलेनला वाटे. तो ग्लास ब्रूनो उचलायचा, एका घोटात संपवायचा आणि मिशी पुसत म्हणायचा, "बघितलंस? मागितलं की मिळतं."

आजही त्याने तेच केलं.

"कासेरिता, यापा! जरा लवकर, बस गाठायचीय."

फेलिपाने भांडं तिरकं केलं. ग्लास अर्धा भरला. ब्रूनोने हात पुढे केला, तोच तिचा रुंद, ओला तळवा ग्लासावर येऊन बसला.

"हात काढ."

"अहो, मी मागितला ना यापा!"

"तू ओरडायच्या आधीच मी भांडं उचललेलं असतं. सहा दिवस या पोरीच्या ग्लासात ओततेय आणि सहा दिवस तू ढोसतोयस. ती काही बोलत नव्हती, म्हणून मीही तोंड शिवून बसले होते."

ब्रूनो हसला. "मीपण तुमचा कासेराच की हो."

"काल त्या शेजारच्या बेनिताकडे प्यायलास. परवा त्या कोपऱ्यावर. आम्हाला काय डोळे नाहीत? सगळ्यांना कासेरा म्हणत फिरतोस, तू कुणाचाच कासेरा नाहीस, बाबा. माझी कासेरा ही आहे."

शेजारच्या गाळ्यावर कुणीतरी फिसकन हसलं. ब्रूनोचे कान लाल झाले.

"चल गं," तो आयलेनवरच खेकसला. "अर्ध्या ग्लासासाठी काय तमाशा लावलाय यांनी. ऊठ."

आयलेन उठली नाही. तिला राग आला होता, आणि या वेळी आधी स्वतःचाच आला होता. सहा दिवस! तिच्या पुढ्यातला ग्लास उचलून तिलाच मागण्याचे धडे देत होता हा माणूस, आणि ती मान डोलवत होती. तिला खिडकीची खोली आठवली. त्या खोलीची चावी घरमालकिणीने कुणाच्या हातात ठेवली होती? तिच्याच. ट्रकवाल्याने पुढचं दार उघडलं, तेव्हा तो कुणाकडे बघत होता?

"ऐकू येतंय का? बस सुटेल!"

तिने ग्लास तोंडाला लावला. फेसाळ, गार, तळाशी दालचिनीचा झणका. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. कठड्यावरची दोन्ही तिकिटं उचलून तिने ब्रूनोच्या शर्टाच्या खिशात कोंबली. मग पाठीवर पिशवी चढवली आणि त्याच्याकडे न बघता फेलिपाकडे वळली.

"कासेरा," ती म्हणाली, "तराबुकोची गाडी कुठून सुटते?"