स्टेशनामागचे दिवे

"तुझं ते तार-बीर घरात आणू नको," महालिंगअप्पा ओट्यावरून म्हणाले. "बाईमाणसानं दिव्याच्या खांबाला हात लावायचा म्हंजे काय?"

सासऱ्यांच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करून ईश्वरी तिथंच उंबऱ्यात बसली. मांडीवर जुना सौरदिवा घेऊन ती पुटपुटत राहिली. लाल तार इकडं, काळी तिकडं, मग चिमटा घट्ट. चुडाव्याच्या स्टेशनामागच्या वस्तीत बायकांच्या गटाने सौरदिवे दुरुस्तीचा वर्ग काढला होता आणि ती त्यात पहिली आली होती. रोज संध्याकाळी तिचा हा जप चालायचा. अप्पा भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचे. मिटले काय नि उघडले काय, काचबिंदूने त्यांची नजर कधीच नेली होती.

वर्ग घेणारी सविता एकदा घरी आली. ओट्यावर चहा घेताना म्हणाली, "ईश्वरी, दिवाळीपतोर तुला काम मिळालं न्हाई तर गटानं दिलेली हत्यारांची पेटी परत न्यावी लागंल. झरीच्या बाया वाट बघायल्यात. माझ्या हातात काय न्हाई गं."

ईश्वरीने पेटी जवळ ओढली. पेटी गेली की पुन्हा दुसऱ्याच्या रानात कापूस वेचणं आलं. अप्पा बशीतला चहा फुंकत राहिले.

पण काम मिळणार कसं? वस्तीतले खांबांवरचे सौरदिवे नवेकोरे, एकही बिघडत नव्हता. बिघडला तरी लोक पूर्णेहून मिस्त्री आणणार, शेजारची सून थोडीच बोलावणार. ईश्वरीला मात्र स्वप्नं पडायची. त्यात ती पेटी घेऊन अंधारातून चाललेली असायची आणि हात लावेल तो दिवा लागायचा, पार रुळांपर्यंत. जाग आल्यावरही थोडा वेळ तो उजेड डोळ्यांत राहायचा.

मग एका संध्याकाळी पिंपळाजवळचा दिवा लागलाच नाही. लोक जमले. अप्पांनी ओट्यावरून टोमणा मारला, "बोलवा की आमच्या सुनंला. लय शिकून आलीय म्हणं."

लोक हसले, पण बोलावलं. खांबाला छातीएवढ्या उंचीवर डबा होता. ईश्वरीने त्याची कडी काढून आत चाचपलं. तार निसटली होती. ती बसवली आणि दिवा लागला.

पुढे गिरणीजवळचा गेला, मग देवळासमोरचा. दर वेळी अप्पांचा तोच टोमणा, आणि हसणारे मात्र कमी कमी. नंतर नंतर तर लोक टोमण्याचीही वाट बघेनात, थेट तिच्या दारात यायला लागले. कुणी घरातला बंद पडलेला दिवा आणला, कुणी शेताच्या कुंपणाचं झटका मशीन.

ईश्वरीला हा सगळा स्वप्नाचाच पुढचा भाग वाटायचा. अप्पांचं तेवढं काही बदललं नव्हतं. सकाळी लिंगपूजा. दुपारी वस्ती निजली की काठी टेकत, खांबामागून खांब चाचपत महादेवाच्या देवळात जायचं आणि तीन बोटांनी कपाळावर भस्म ओढून तसंच परत यायचं. सुनेच्या कामाबद्दल एक चांगला शब्द नाही. तिला त्याचं फार वाईट वाटायचं.

दिवाळीच्या तोंडावर सविता आली. दारातली गर्दी बघून म्हणाली, "पेटी ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच."

ईश्वरी धावत ओट्यावर गेली. "अप्पा, पेटी राहिली."

"बरं," अप्पा म्हणाले. "आता भाकरी वाढ."

जेवणं झाल्यावर ती फडकं घेऊन निघाली. सणासाठी सगळे डबे पुसून काढायचे होते. आजवर तिने ते अंधारातच उघडले होते. आज ऊन होतं. वस्ती निजली होती आणि दूर कुठेतरी गाडीची शिट्टी वाजत होती.

पिंपळाजवळच्या खांबाची कडी तिने काढली आणि फडकं तसंच हातात राहिलं. काळ्या झाकणाच्या आतल्या बाजूला, लाल तारेच्या शेजारी, भस्माची तीन बोटं उमटली होती.