कुलूपबंद घराचा दिवा

लाइट गेली की आधी मीटरशेजारचा लाल खटका पाडायचा, असं वायरमनने तिला बजावून सांगितलं होतं. नाही पाडला तर छपरावरच्या सोलरची वीज उलट्या पावली रस्त्याच्या तारेत शिरते. "सूर्य देवाचा, ताई, तार सरकारची, पण हात माझा आहे," असं म्हणून तो स्वतःच हसला होता. तीही हसली आणि ते बोलणं तिने कानाआड केलं. खटका पाडला की घरातलीही लाइट जाणार. मग छपरावर एवढं बसवलं कशाला? शिवाय शिकलेली बाई ती, माहितीपत्रक दोनदा वाचलेलं. रस्त्याची लाइट गेली की सोलरचं यंत्र रस्त्याशी संबंध आपोआप तोडतं, असं त्यात ठळक अक्षरांत छापलं होतं.

ते खरंच तोडतं का, हे बघायला निरीक्षक यायचा होता. पण जुन्या नियमांची मुदत संपली, नवे छापून आले, आणि ते लागू कधी होणार ती तारीख 'स्वतंत्रपणे कळवण्यात येईल' इथे घोडं अडलं. सात महिने झाले. कोणत्या नियमाने तपासायचं हेच ठरेना, म्हणून निरीक्षक कुणाकडेच फिरकेना. बसवणारा म्हणाला, मंजुरी येईल तेव्हा येईल, ऊन काय तारखेची वाट बघतंय? आणि त्याने चालू करून दिलं. तिलाही घाई होती. दोन वर्षांच्या मुलीला दम्यासाठी दिवसातून तीनदा यंत्राने वाफ द्यावी लागे, आणि ऐन वाफेच्या वेळी लाइट गेली की तिचा जीव टांगणीला लागे.

त्या दिवशी सकाळी अकराला कोपऱ्यावरच्या झाडाची फांदी पडून तार तुटली. सगळी गल्ली गप्प झाली. तिच्या घरातलं वाफेचं यंत्र मात्र घुरघुरत राहिलं. सासूबाई नातीच्या तोंडावर मास्क धरून बसल्या होत्या. जगाची गेली तरी आपली आहे हो, असं त्या कौतुकाने नातीला सांगत होत्या.

ती खिडकीशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. समोरच्या घराला पंधरा दिवसांपासून कुलूप होतं. घरातली माणसं गावाला जाताना व्हरांड्यातला दिवा लावून गेली होती, चोराला वाटावं घरात कोणी आहे. तो दिवा जळत होता.

तिने घडी घातली, पुढचा फ्रॉक उचलला आणि तिचा हात तसाच राहिला. त्या घराच्या छपरावर काही नाही. गल्लीत लाइट नाही. मग तो दिवा कशावर जळतोय?

तुटलेल्या तारेच्या अलीकडच्या तुकड्यावर दोनच घरं होती. एक ते आणि एक तिचं.

दोन्हींच्या मधल्या खांबाला शिडी लागलेली होती. वायरमन वर पोचला होता. त्याने ऑफिसला फोन करून विचारलं, तिकडून लाइन बंद आहे असं उत्तर आलं, आणि ते खोटंही नव्हतं. एरवी तो टेस्टर लावल्याशिवाय तारेला बोट लावत नसे. पण सकाळपासूनचा हा नववा खांब होता. त्याने फोन खिशात टाकला आणि हात पुढे केला.

काका, हात लावू नका, असं ती ओरडली. म्हणजे ओरडली असं तिला वाटलं. घशातून आवाज निघालाच नव्हता. ती मीटरकडे धावली. चपलांचं कपाट सरकवलं, दोन्ही हातांनी खटका खाली ओढला. यंत्राची घुरघुर थांबली. अगं, औषध अजून संपलं नाही, असं सासूबाई आतून सांगत होत्या.

ती रस्त्यावर आली तेव्हा वायरमनचा हात तारेपासून वीतभर अंतरावर थांबला होता. तो तारेकडे बघत नव्हता. नुकत्याच विझलेल्या समोरच्या दिव्याकडे बघत होता.

तो खाली उतरला आणि शेवटच्या पायरीवर बसला. मग वही काढून त्याने तिला शांतपणे समजावलं. हे लिहिलं तर संध्याकाळपर्यंत माणसं येऊन तिच्या सोलरच्या यंत्राला सील लावतील, कारण मंजुरी नाही. मंजुरी का नाही, ते तिलाच ठाऊक. नाही लिहिलं तर ऑफिसच्या लेखी ही गल्ली ठीकठाक. मग उद्या या खांबावर दुसरा कोणी चढेल. गल्लीत अशी आणखी सहा छपरं आहेत, बसवणाराही तोच.

"तुम्ही शिकलेल्या आहात," तो म्हणाला. "तुम्हीच सांगा, काय लिहू?"

आतून मुलीचा खोकला ऐकू येत होता. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसे तिने दाराशी जाऊन तिचे श्वास मोजले.

"झालं ते लिहा," ती म्हणाली. "माझ्या घराचं लिहा. बाकीच्यांना मी सांगून येते."

तासाभरात तार जोडली गेली, लाइट आली, मुलीची राहिलेली वाफ देऊन झाली. मग तिला कडेवर घेऊन ती सहा दारं फिरली. चार उघडली. दोन घरांतली माणसं कामावर गेली होती. त्यांची छपरं उन्हात चमकत होती.

वायरमन शिडी खांद्यावर टाकून मागच्या गल्लीत गेला. तिकडे अशी किती छपरं आहेत, तिला माहीत नाही. तुमची गल्ली तर तिने पाहिलेलीच नाही. तेव्हा सगळीकडची लाइट जाऊन तुमचीच तेवढी राहिली असेल, तर खटका पाडा, दारात या, खांबाकडे बघा. वर माणूस असेल तर मोठ्याने हाक मारा, आणि तो ओ देतो का बघा.