एकेचाळिसावी फेरी

एकेचाळिसाव्या फेरीला दाणे पुन्हा फुटले. तळ्यावरची यंत्रं सांभाळणाऱ्या झान उस्तादांनी दाण्यांच्या उंच टाकीचा खालचा नळ उघडला, तर खाऱ्या पाण्याबरोबर पिठासारखा पांढरा भुगा बादलीत पडला.

"घ्या बाई," ते म्हणाले. "तुमची नववी खीर."

हे दाणे बनवणारी संशोधक रोंग सूपिंग बादलीकडे बघत राहिली. चीनमधल्या छिंगहाईच्या या खाऱ्या तळ्यातलं लिथियम धरून ठेवायचं आणि गोड्या पाण्याने धुतलं की सोडून द्यायचं, एवढंच दाण्यांचं काम; असं एकदा धरून सोडलं की एक फेरी. शंभर फेऱ्या टिकले तरच संस्था पुढच्या वर्षी प्रयोग चालू ठेवणार होती. शीनिंग शहरातल्या तिच्या प्रयोगशाळेत हेच दाणे तीनशे फेऱ्या टिकले होते.

"तिकडे टिकतात, मग इथेच का फुटतात? पाणी तर याच तळ्याचं पाठवता ना?"

"दर महिन्याला वीस कॅन. माझ्या कंबरेला विचारा." उस्तादांनी थर्मासमधल्या चहाचा घोट घेतला. "पाण्यात वाळवंटाची धूळ आहे. ती दाण्यांत बसते, दाब चढतो नि दाणे चिरडतात. दर वेळी सांगतो, दर वेळी तुम्ही लिहून घेता. कुठे लिहिता हो?"

"धूळ आमच्याकडेही असणारच. त्याच कॅनमधलं पाणी वापरतो आम्ही."

"मग माझ्या टाकीचंच तुमच्या दाण्यांशी वैर असणार."

तिने चिडून शीनिंगला सहायक तोंगला फोन लावला. उस्तादांनाही ऐकू दे, म्हणून स्पीकर चालू केला.

"तोंग, तळ्याचं पाणी आलं की काय करतेस? पहिल्यापासून सांग."

"कॅन उघडते, दोनदा गाळते, मग यंत्रात सोडते."

"गाळतेस?"

"हो ना. यंत्राची नळी तुंबते म्हणून तुम्हीच सांगितलं होतं, ताई. मी नवीन होते तेव्हा. तीन वर्षं झाली की. काही चुकलं का?"

रोंगने फोन बंद केला. आता टोमणा येणार म्हणून ती वाट बघत होती. उस्तादांनी नुसता थर्मास तिच्याकडे सरकवला.

"संचालकांना काय सांगणार?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"नऊ वेळा दाणा बदलला, पाणी एकदाही बघितलं नाही. हेच."

दुपारी दोघं तळ्याचं पाणी टाकीकडे आणणाऱ्या कालव्यावर गेले. रोंगने बूट काढले, पाण्यात उतरून तळाचा गाळ ढवळला आणि वीस कॅन भरून घेतले. मग लाल पेनने प्रत्येक कॅनवर ठळक लिहिलं: गाळू नये.

उस्ताद वाचून हसले. "पोरगी तुमचा शब्द मोडायची नाही, बाई. उद्या यंत्र तुंबलं की तुम्हीच फोनवर ओरडाल."

रोंगने पेनचं टोपण पुन्हा काढलं. पहिल्या कॅनपाशी उकिडवी बसली आणि खाली आणखी एक ओळ लिहिली:

मी सांगितलं तरी.