रिकामं आकाश

तिसऱ्या दिवशीही भावोजी डोळ्यांना दुर्बीण लावून आकाशच बघत होते.

"ताई, एक घारसुद्धा घिरट्या घालत नाही," ते म्हणाले. "काही वाईट झालं असतं तर पक्ष्यांनी आधी सांगितलं असतं. रुसून कुठेतरी गेली असेल, येईल."

मोठ्या बहिणीला तेवढाच धीर आला. धाकटी हरवल्याचा फोन आल्यापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. मन चिंती ते वैरी न चिंती. पण पक्ष्यांमधलं भावोजींना कळत होतं, म्हणून ती त्यांचं ऐकत होती.

दर सुट्टीला हे जोडपं दक्षिणेकडच्या या उबदार डोंगरांत यायचं. भावोजींना पक्ष्यांचं वेड, धाकटीला फुलपाखरांचं. एकाची मान कायम वर, दुसरीची खाली, यांचा संसार चालतो कसा, अशी घरात थट्टा व्हायची. फुलपाखरांचा विषय निघाला की भावोजी सरळ जांभई द्यायचे.

धाकटी पहाटे एकटीच बाहेर पडली, असं त्यांनी सांगितलं होतं. तिला काट्याकुट्यांत शोधताना त्यांची बोटं सोलवटली होती, सगळ्या बोटांना पट्ट्या होत्या. बहिणीला त्यांची फार दया आली.

आज भावोजी खिंडीकडे चला म्हणत होते, ओढा मी पालथा घातलाय म्हणत होते. बहीण मात्र ओढ्यावरच अडून बसली, कारण धाकटीची ती आवडती जागा. तिथे सोबतचा वाटाड्या पाहुण्यांना फुलपाखरं दिसावीत म्हणून सडकी मासळी ठेवायचा. फुलपाखरं फुलांइतकीच घाणीवरही येतात, हे सांगून धाकटीने एकदा सगळ्यांची जेवणावरची वासना उडवली होती.

वाटाड्या पुढे झाला. ओढ्याच्या वळणापलीकडे दगडांची रास होती आणि तिच्यावर निळ्या-काळ्या फुलपाखरांचा नुसता थर बसला होता. हे धाकटीने बघायला हवं होतं, या विचाराने बहिणीला रडू फुटलं. मग वास आला. तिने नाकाला रुमाल लावला.

"एवढी मासळी कशाला ठेवलीत हो?"

वाटाड्या राशीजवळ जाऊन वाकला. वरच्या दगडांचं शेवाळ खालच्या अंगाला होतं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "त्या हरवल्यापासून मी मासळी ठेवलेलीच नाही."

बहिणीने भावोजींच्या पट्ट्या बांधलेल्या बोटांकडे बघितलं.

भावोजींची मान अजून वरच होती.