बुटाचा पट्टा

कोंबडीच्या नव्या पिल्लाचा एक पाय बाहेर फाकलेला होता. लेकीची वाकडी पावलं लहानपणी ज्या बुटांनी सरळ झाली, त्यांचाच पट्टा कापून ह्यांनी पिल्लाचे पाय बांधले. ते कळल्यापासून महिन्याकाठी एक फोन करणारी लेक परदेशातून रोज विचारू लागली, “बाबा, उभं राहिलं का ते?” आज सकाळी पट्टा सोडला. पिल्लू क्षणभर डगमगलं आणि थेट माझ्या पातेल्यांमधून पळत सुटलं. “पायावर उभं राहिलं की थांबतंय कोण!” हे पुटपुटले. संध्याकाळी फोनवर मात्र म्हणाले, “नाही गं, अजून लंगडतंय. आठवडा तरी लागेल.” म्हातारपणी धडधडीत खोटं! मी फोन हिसकावून घेतला. “आई, बरं नाही झालं का?” तिने विचारलं. पिल्लू माझ्या पायांभोवती दुडुदुडु धावत होतं. मी म्हणाले, “अगं, मला तर दुसराही पाय वाकडा वाटतोय.”