झाकलेलं पाणी

मधुवंतीने बादलीत मग बुडवला, तसा रुचाने फिशटँकच्या तोंडावर आपला हात आडवा धरला.

"थांब, आई. हे पाणी बरं आहे ना?"

"अगं, कालपासून ठेवलंय. चोवीस तास झाले. क्लोरीन गेला त्यातला."

टँकमध्ये एकच मासा उरला होता. केशरी, बोटाएवढा. गेल्या रविवारी तीन होते. दुकानदाराने भरून दिलेलं पाणी त्या दिवशी पहिल्यांदाच बदललं आणि तासाभरात दोघे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. जेवणाची पानं घेईपर्यंत आडवे झाले होते. "मूठमूठ खायला घालतेस गं त्यांना, दुसरं काय होणार," असं मधुवंती तेव्हा बोलून गेली. तिच्या लेखी ते तिथेच संपलं. पण त्यानंतर रुचाने खाण्याच्या डबीला हात लावला नव्हता. शाळेतून आली की हात पाठीमागे धरून लांबूनच माशाकडे बघत उभी राहायची. सहा वर्षांच्या मुलीने इतकं गप्प उभं राहावं, हे काही मधुवंतीला बघवत नव्हतं.

"गेला म्हणजे कुठे गेला?" रुचाने विचारलं.

"हवेत. उडून जातो तो. नळाचं पाणी असो नाहीतर टँकर-लॉरीचं, जंतू मरावेत म्हणून घालतात त्यात. आपल्याला चालतं, माशांच्या कल्ल्यांना सोसत नाही. म्हणून पाणी नुसतं ठेवून द्यायचं."

मधुवंती केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली होती. सांगताना तिला बरं वाटलं. चेन्नईत आल्यापासून तिला असलं काही कुणी विचारलंच नव्हतं.

रुचाचा हात तसाच होता. ती आधी बादलीकडे बघत होती, मग बादलीशेजारी ठेवलेल्या लाल झाकणाकडे.

"पण कुठून उडाला? हे लावलं होतंस की."

मधुवंतीच्या हातातला मग तिथेच थांबला.

लावलं होतं. चांगलं दाबून, टप् आवाज येईपर्यंत. या घरात सामान उतरवलं त्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण राजसबाई जिन्यातूनच म्हणाल्या होत्या, "तण्णी उघडं ठेवू नको मा, कोसू होतील." तंजावरकडच्या त्या, मराठीत तमिळ मिसळून बोलायच्या, पण डासांचं नाव कुठल्याही भाषेत पटकन कळतं. तेव्हापासून पाणी भरलं की मधुवंतीचा हात आपसूक झाकणाकडे जायचा. प्यायचं पाणी, भांड्यांचं पाणी, सगळं झाकलेलं. त्यात हेही.

तिने झाकण उचललं. आतल्या बाजूला थेंब धरले होते. तिने वास घेतला आणि ते रुचाच्या नाकाशी नेलं.

"स्विमिंग पूल," रुचा म्हणाली.

"हो."

"म्हणजे गेलाच नाही तो. आतच बसला."

"आतच बसला."

मधुवंतीने मगातलं पाणी परत बादलीत ओतलं. कपाटातून आपली जुनी मलमलची ओढणी काढली, बादलीच्या तोंडावर ताणली आणि काठाला नाडीने बांधली. "आता हवा जाईल, डास येणार नाहीत. उद्या बदलू पाणी." एवढं बोलून स्वयंपाकघरात जाता आलं असतं. गॅसवर वरण होतं. रुचानेही पुढचं काही विचारलं नव्हतं. ती ओढणीवर गाल टेकवून खालून काही वर येतंय का, ते बघत होती.

मधुवंती तिच्यासमोर फरशीवर बसली.

"रुचा, मागच्या रविवारीही मी झाकण लावलं होतं."

रुचाने मान वर केली.

"तू घातलेल्या खाण्याने नाही मेले ते. मी पाणी झाकून ठेवलं, म्हणून मेले. तुला उगाच बोलले मी."

रुचाने टँककडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं. मग आईकडे. तिचे डोळे बारीक झाले होते. काहीतरी नीटसं जुळत नसलं की व्हायचे तसे.

"मग आता तुला कोण रागावणार?"