सासूबाईंची पसंती

जावई अमूर्त चित्रं काढणारा. त्याच्या प्रदर्शनाला सासूबाई यायच्या त्या चहापुरत्याच. "नुसते रंग सांडलेत," हे त्यांचं ठरलेलं मत. या वेळी मात्र रंगांवर रंगांचे थर चढवलेल्या एका मोठ्या निळ्या चित्रासमोर त्या खिळून उभ्या राहिल्या.

"जावईबापू, मला कळत काहीच नाही, पण यातून कुणीतरी मायेनं बघतंय असं वाटतं. हे माझ्या खोलीत लावायचं!"

जावयाला आभाळ ठेंगणं झालं. बायकोनं मात्र त्याला कोपऱ्यात ओढलं. "खरं सांग, त्या निळ्याखाली आहे तरी काय?"

 

"तुझी आईच! 'एवढी खाष्ट दिसते का मी?' म्हणून त्यांनी परत पाठवलेलं त्यांचं पोर्ट्रेट."